अंदमान : काय पाहायचं आणि केव्हा

"अंदमानला सेल्युलर जेल सोडून आहे तरी काय? आणि किती दिवस पुरतात?" सहलीचा विषय निघाला की हे दोन प्रश्न हमखास येतात. पहिल्याचं उत्तर देणारी पत्रकं ढिगाने मिळतात, त्यांत स्थळांची लांबलचक यादी असते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर मिळत नाही. कारण अंदमानात काय दिसेल हे दिवस किती आहेत यावर कमी, आणि कोणत्या वेळी कुठे पोचलात यावर जास्त ठरतं. नील बेटावरची दगडी कमान पाहायला लोक एवढा खर्च करून जातात, आणि भरतीच्या वेळी पोचून लांबूनच परततात. हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त चुकवणाऱ्यांची संख्या तर विचारूच नका. डिसेंबरात पाच वाजून गेल्यावर तिथे पोचलं की अंधार तेवढा हाती लागतो.

म्हणून या प्रकरणात स्थळांपेक्षा वेळांबद्दल जास्त बोलू. आधी ही बेटं कशी आहेत ते बघू, मग तिथला सूर्य, पाऊस, भरती, प्रवाळ, आणि शेवटी जेल व दोन-तीन वादाच्या जागा.

१. बुडालेल्या डोंगरांचे माथे

म्यानमारच्या पश्चिमेला आराकान योमा नावाची डोंगररांग आहे. ती दक्षिणेला समुद्रात उतरते आणि पाण्याखालून थेट सुमात्राच्या दिशेने जाते. या बुडालेल्या रांगेचे जे माथे पाण्याबाहेर राहिले, ती अंदमान-निकोबार बेटं. उत्तरेकडच्या टोकापासून दक्षिणेकडच्या टोकापर्यंतचं अंतर मुंबई ते नागपूर सरळ रेषेत मोजावं त्याहून थोडं जास्तच भरतं. बेटं पाचशेहून अधिक, पण माणसांची वस्ती असलेली चाळीसही नाहीत. २०११ च्या जनगणनेत सगळी मिळून लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम शहराएवढी माणसं, आणि बाकी बहुतेक जंगल.

पर्यटकाच्या वाट्याला यातला छोटासाच तुकडा येतो. निकोबार सर्वसामान्य पर्यटकांना बंद आहे. अंदमानातही नेहमीची सहल दक्षिण अंदमानात फिरते : राजधानी, तिच्या बंदरातली लहान बेटं, आणि ईशान्येला हॅवलॉक व नील. राजधानीचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. तरी तिथल्या रिक्षावाल्यापासून बोटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरतो.

पोर्ट ब्लेअर हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो आर्चिबाल्ड ब्लेअर ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमारातला अधिकारी. त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याची मोजणी केली. १७८९ मध्ये चॅथम बेटावर वसाहतही झाली, पण रोगराईने माणसं इतकी मेली की १७९६ मध्ये कंपनीने ती गुंडाळली.

हे डोंगर अजून शांत झालेले नाहीत. भारताची भूपट्टी इथे पूर्वेकडच्या पट्टीखाली सरकते आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत तर जमिनीची पातळीच बदलली. उत्तर अंदमानात किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडं पडून मेलं. दक्षिण अंदमानात जमीन खचली, आणि दूर दक्षिणेला इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. वंडूरकडे जाताना सिप्पीघाटला रस्त्यालगत पाणथळ लागते. गाडीवाल्याला विचारा. २००४ पर्यंत तिथे शेतं होती. कुठल्याही पत्रकात नसलेली ही जागा मला तरी अंदमानातली सर्वांत बोलकी जागा वाटते.

२. घड्याळ भारताचं, सूर्य बेटाचा

आता सगळ्यात उपयोगाचा हिशेब.

पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास घेते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७३ रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर साधारण ९३ वर. फरक २० अंशांचा. २० गुणिले ४ म्हणजे ८० मिनिटं. अंदमानात सूर्य मुंबईपेक्षा सरासरी एक तास वीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचं.

डिसेंबरच्या मध्याचा दाखला घेऊ. मुंबईत सूर्योदय सातच्या सुमारास, पोर्ट ब्लेअरला साडेपाचला. मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास, पोर्ट ब्लेअरला पाचला. सकाळी दीड तासाचा फरक आणि संध्याकाळी एकाच तासाचा, हे कसं? हिवाळ्यात जितकं दक्षिणेला जावं तितका दिवस मोठा, आणि पोर्ट ब्लेअर मुंबईच्या बरंच दक्षिणेला आहे. म्हणून सकाळ आणखी लवकर होते, संध्याकाळ थोडी लांबते.

याचा अर्थ सुट्टीतली आपली सवय इथे महागात पडते. आठला उठून, पोहे-चहा करून, दहाला बाहेर पडलात तर उजेडाचे साडेचार तास गेले. दुपारचं जेवण आणि वामकुक्षी आटोपून चारला निघालात तर तासाभरात दिवस संपला. तिथले लोक पहाटे चार-पाचला कामाला लागतात आणि रात्री लवकर निजानीज होते. पाहुण्याने तेच करावं. दुपारी झोपायला हरकत नाही, तशी ती वेळ उन्हाचीच असते. पहाट मात्र झोपेत घालवू नये.

हॅवलॉकवर याचा थेट उपयोग होतो. काळापत्थरचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, तो सूर्योदयाचा. राधानगर पश्चिमेला, तो सूर्यास्ताचा. जेट्टीपासून राधानगर बारा किलोमीटरच्या आसपास, म्हणून हिवाळ्यात साडेतीनला तिथे पोचलेलं बरं. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ मध्ये या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं, तेव्हापासून गर्दी वाढली. पण किनारा लांब-रुंद आहे, प्रवेशापासून उजवीकडे किंवा डावीकडे पाच मिनिटं चाललं की गर्दी मागे पडते. पाठीमागे महुआसारखी उंच झाडं थेट वाळूपर्यंत आलेली आहेत. कोकणातल्या किनाऱ्यावर माड आणि सुरू पाहिलेल्या डोळ्यांना हे नवं असतं. नीलवर सीतापूर सूर्योदयाचं, लक्ष्मणपूर सूर्यास्ताचं. पोर्ट ब्लेअरजवळ सूर्यास्तासाठी चिडिया टापू.

३. दिवाळी की मे?

"मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात ऐकतो आणि कोकणात पाऊस कधी येणार याचा अंदाज बांधतो. साधारण २० मेच्या आसपासची ही बातमी. मुलांच्या शाळेची सुट्टी धरून मेच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला जाणारे हीच बातमी विसरतात आणि पाऊस त्यांच्या स्वागताला हजर असतो.

अंदमानला दोन्ही मोसमी वारे लागतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस, त्यानंतर डिसेंबरपर्यंत ईशान्येच्या वाऱ्यांच्या सरी आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसापेक्षा अडचण वाऱ्याची. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात, आणि दोन बेटांमध्ये दुसरा रस्ता नसतो. दिवाळीत गेलात तर एखादा दिवस पाण्यात जाईल असं धरून चला. जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत भरवशाचा. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो आणि पाण्याखालचं दूरवर दिसतं.

४. समुद्राचं वेळापत्रक

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या वाचकाला हे शिकवायला नको, पण देशावरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो.

चंद्राच्या ओढीमुळे दिवसातून साधारण दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरती-ओहोटीही रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत असल्याने पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना छेद देते आणि फरक कमी पडतो, ती भांगाची भरती.

कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढायची एक रीत आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तेव्हा पूर्ण भरती. हे उत्तर आपल्या किनाऱ्यापुरतं खरं. अंदमानच्या बंदराची वेळ वेगळी, ती तिथल्या जेट्टीवर किंवा हॉटेलात विचारून घ्यावी. पण एका दिवसाची वेळ कळली की पुढच्या दिवसांचा हिशेब तुमचा तुम्ही करू शकता.

समजा तुम्ही जानेवारीत सोमवारी पोर्ट ब्लेअरला उतरलात आणि त्या दिवशी पूर्ण ओहोटी दुपारी दोनला आहे. मंगळवारी ती २.५० ला, बुधवारी ३.४० ला, गुरुवारी ४.३० ला, शुक्रवारी ५.२० ला. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या भागात ती प्रसिद्ध नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत खडकांवरून चालत जायला पूर्ण ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा तास योग्य. गुरुवारी नीलवर असाल तर साडेतीनला निघा, कमान पाहा, मग पलीकडच्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावर धावतपळत सूर्यास्त गाठता येईल. शुक्रवारी असाल तर संध्याकाळचा बेत नकोच, अंधारात ओले खडक उतरणं धोक्याचं. पण ओहोटी दिवसातून दोनदा येते, दोन्हींमध्ये सुमारे साडेबारा तास. म्हणजे शुक्रवारी पहाटे पाचच्या आसपास एक ओहोटी आहेच. उजाडताच तिथे पोचा. चहाची टपरी उघडलेली नसेल, पण माणसंही नसतील.

कमानीपर्यंतची वाट कमानीहून जास्त बघण्यासारखी आहे. खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं आणि त्यात समुद्रकाकड्या, खेकडे, कधी लहान ऑक्टोपसही असतात. तिथले वाटाडे ते दाखवतात, काही जण हातात उचलूनही दाखवतात. "उचलू नका, असंच दाखवा" असं आधीच सांगितलं तर ऐकतात.

उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीतून फिरायचं असेल तर पाणी हवं. ओहोटीत तिथलं प्रवाळ इतकं वर येतं की होड्या चालत नाहीत. एकाच बेटावर एका जागेला ओहोटी लागते, दुसरीला भरती, आणि 'नील एका दिवसात' करणारी सहल यातलं एकच दाखवू शकते.

बेटांच्या गावांची नावं सीतापूर, रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, गोविंदनगर अशी का, हा प्रश्न इथे पडतो. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या आणि वस्त्यांना ही नावं पडली. दक्षिण अंदमानात वंडूर, कालिकत, मंजेरी अशी मलबारातली गावंही सापडतात, १९२१ च्या मोपला बंडानंतर पाठवलेल्या कैद्यांची ती आठवण. शिवाय छोटानागपूरहून जंगलतोडीसाठी आणलेले मजूर, ज्यांना तिथे सरसकट 'रांची' म्हणतात, आणि जुन्या जन्मठेपवाल्यांचे वंशज. या सगळ्यांची सामाईक भाषा हिंदी. मराठी पर्यटकाला बोलण्याची अडचण कुठेच येत नाही. भारताला तिथे 'मेनलँड' म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकताना जरा चमकायला होतं.

५. पाण्याखाली

अंदमानची वाळू पांढरी आणि कोकणातली काळपट-तांबूस का? कोकणात नद्या सह्याद्रीचा काळा कातळ आणि जांभा झिजवून आणतात. अंदमानच्या वाळूत मोठा वाटा मेलेल्या प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा. त्यातला काही भाग तर पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून, पचवून बाहेर टाकलेला असतो. ही वाळू म्हणजे चुनाच.

मग प्रवाळ म्हणजे काय? दिसायला झुडूप किंवा दगड, पण तो हजारो चिमुकल्या प्राण्यांचा समूह असतो. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात, आणि त्यांचं नातं चाळीचा मालक आणि भाडेकरू यांच्यासारखं आहे. मालक राहायला जागा देतो, भाडेकरू उन्हावर अन्न तयार करून भाडं भरतो, आणि मालकाचं बहुतेक पोट त्या भाड्यावरच चालतं. रंगही या भाडेकरूंचाच. समुद्राचं पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं की मालक भाडेकरूंना बाहेर काढतो. प्रवाळ पांढरंफटक पडतं. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परततात, नाही तर मालक उपाशी मरतो. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. म्हणून काही जागी आज पाण्याखाली करड्या रंगाचा चुरा दिसतो. जाहिरातीतल्या छायाचित्राशी ताडून निराश होऊ नका, शेजारीच जिवंत प्रवाळ असतं.

भाडेकरूंना ऊन हवं, म्हणून प्रवाळ उथळ आणि नितळ पाण्यातच वाढतं. नद्यांच्या गाळामुळे आपल्या किनाऱ्यावर ते मालवणसारख्या थोड्या जागी आहे. अंदमानात मोठ्या नद्या नाहीत, म्हणून पाणी नितळ.

पाहायच्या तीन पद्धती. पहिली काचेच्या तळाची होडी, ज्येष्ठांना आणि लहान मुलांना सोयीची, पण खरं सांगायचं तर धुरकट काचेतून बघण्यात अर्धी मजा जाते. दुसरी स्नॉर्केलिंग : तोंडात नळी, डोळ्यांवर मुखवटा, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. पोहता येण्याची गरज नाही. हॅवलॉकचा एलिफंट बीच यासाठी प्रसिद्ध आहे आणि गर्दीचा आहे. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ चं, जास्त राखलेलं. तिथल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटल्याही अनामत ठेवून मिळतात. पर्यटकाला हे जाचक वाटतं. मला वाटतं, सगळ्या किनाऱ्यांवर हाच नियम हवा.

तिसरी स्कूबा. नवशिक्यालाही प्रशिक्षक हाताला धरून दहा-बारा मीटरपर्यंत नेतो. इथे एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन. दहा मीटरवर नळकांड्यातून छाती भरून सहा लिटर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर दाब अर्धा झाल्याने ती हवा बारा लिटर व्हायला बघते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. म्हणून पहिला नियम, पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. कान दुखायला लागले तर तिथेच थांबून खूण करायची. दमा, हृदयविकार असेल किंवा गरोदरपणा असेल तर उतरू नये. अर्जावर 'नाही, नाही' अशा खुणा करून सही ठोकणारे असतात, त्यांच्यातले होऊ नका.

दुसरा नियम सहलीच्या आखणीशी जोडलेला. दाबाखाली श्वास घेताना जास्तीचा नायट्रोजन रक्तात मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलात तर उंचीवरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. स्कूबा आणि विमान यांत निदान १८ तास ठेवावेत, बरीच केंद्रं २४ सांगतात. शनिवारी सकाळी अकराचं विमान असेल तर शुक्रवारी अकरानंतर पाण्याखाली जायचं नाही.

आणि मगर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. हॅवलॉकवर राधानगरजवळच्या खडकाळ भागात २०१० मध्ये एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. किनाऱ्यावर पोहण्याची हद्द आखलेली असते, फलकही असतात. ते शोभेचे नाहीत.

६. जेल, आणि त्याच्या आसपास

सेल्युलर जेलबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. १८५७ च्या उठावातले कैदी या इमारतीत कधी नव्हते. मार्च १८५८ मध्ये पहिले दोनशे कैदी आले तेव्हा इथे जंगल होतं. त्यांनी झाडं तोडली, रॉस बेटावर साहेबांची वसाहत उभी केली, आणि त्यांतले कित्येक तापाने मेले. जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना सात तिमजली इमारती, सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत दिसायची, दुसऱ्या कैद्याचा चेहरा नाही. सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. आवारातच सरकारी रुग्णालय आहे.

कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. आत जाऊन उभे राहा आणि छताजवळची छोटी खिडकी बघा. मग बाहेर येऊन दाराची कडी बघा. ती दाराला लागून नाही, बाजूच्या भिंतीत कोरलेल्या खोबणीत बरीच दूर जाते. गजांतून हात घालून कितीही ताणला तरी तिथे पोचत नाही. सगळ्या जेलची बुद्धी त्या खोबणीत आहे.

मराठी पर्यटक थेट तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीकडे जातात, ते साहजिकच आहे. १९११ ते १९२१ ते इथे होते, थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. 'माझी जन्मठेप' जाण्याआधी वाचून जा, म्हणजे आवारातला कोलू, तो तेलाचा घाणा, नुसता लाकडी नमुना वाटणार नाही. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर, आणि बैलाच्या जागी माणूस. पण तेवढ्यावर परतू नका. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं आहेत. बंगालची यादी किती लांब आहे ते बघा, पंजाबची बघा. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळीतून दूध घालताना महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास मरण पावले. समोरच्या बागेत त्यांचे पुतळे आहेत, आणि तिथे फारसं कुणी थांबत नाही.

जेलसाठी सकाळचा वेळ द्या, घाईचा तास नको. दुपारी रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. साहेबांचं चर्च, बेकरी, क्लब यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी अशा आवळल्या आहेत की आता मुळंच भिंतींना धरून आहेत. १९४२ मध्ये जपान्यांनी बेटं घेतली. त्यांचे बंकर दिसतात. डिसेंबर १९४३ मध्ये नेताजी आले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. त्यानंतर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ ला, जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून होम्फ्रेगंज इथे ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी याच बेटांवरच्या आहेत, दोन्ही ठाऊक असाव्यात.

वीस रुपयांची जुनी तांबूस नोट घरात असेल तर तिची मागची बाजू बघा. माडांमधून दिसणारा तो किनारा म्हणजे माउंट हॅरिएटवरून दिसणारा नॉर्थ बे. नव्या नोटेवर त्या जागी आपलं वेरूळ आलं आहे.

७. बाराटांगला जावं का?

बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून होडीची सफर. ऐकायला छान. पण वाट जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जाते. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात, वाटेत थांबायचं नाही, छायाचित्र घ्यायचं नाही, खायला काही फेकायचं नाही. १९५६ पासून या लोकांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याला कारण आहे. बाहेरच्या साध्या रोगांनाही त्यांच्या शरीराची तयारी नसते, १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांची संख्या एकेकाळी हजारांत होती, आता पन्नाशीच्या आसपास उरली आहे.

तरी गाडीवाला "नशीब असेल तर दिसतील" असं सांगतो, आणि काचेला नाक लावून बसलेले प्रवासी काय शोधत असतात हे सांगायला नको. मध्यरात्री उठून, पूर्ण दिवस देऊन, हे करण्यात मला अर्थ दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे : वगळा. ज्यांना वेळ आहे त्यांनी तोच दिवस उत्तरेला दिगलीपूरच्या खात्यात जमा करावा. तिथे रॉस (पोर्ट ब्लेअरजवळचं नव्हे, हे दुसरं) आणि स्मिथ या दोन बेटांना जोडणारी वाळूची पट्टी ओहोटीत उघडी पडते, आणि कालीपूरला समुद्री कासवं अंडी घालतात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडले तेवढी येतात, कालीपूरला चार जातींची. मात्र दिगलीपूरला बसने जाणारा रस्ताही त्याच जंगलातून जातो. तेव्हा बोटीची चौकशी आधी करा.

८. सहा रात्री असतील तर

पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, कारण विमान उतरेपर्यंत निम्मा दिवस गेलेला असतो. दुसऱ्या सकाळी जेल, दुपारी रॉस. तिसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट आणि राधानगर. चौथ्या दिवशी सकाळी स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा. पाचव्या दिवशी नील, आणि त्या दिवसाची ओहोटी बघून कमान आधी की किनारा आधी ते ठरवा. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला परत. हॅवलॉक आणि नील यांचा क्रम भरतीच्या वेळेनुसार उलटा करायलाही हरकत नाही, स्कूबा फक्त शेवटी येऊ देऊ नका.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळ नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते सापडतं. रोख पैसे थोडे जास्त ठेवा, हॅवलॉक-नीलवर पैसे काढायची यंत्रं मोजकी आहेत. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान कुणासाठी थांबत नाही.